रांगेत उभं राहण्याआधी कॅलेंडर उघडा

विचारणाऱ्या बाईंचा प्रश्न थोडक्यात असा. वय ३४, सल्लागार कंपनीत भागीदारीच्या उंबरठ्यावर, महिन्यातले दहा-बारा दिवस प्रवासात. नेहमीच्या डेटिंग ॲप्सवर दोन वर्षं घालवली, आता वीट आलाय. ‘महत्त्वाकांक्षी, निवडक लोकांसाठी’ म्हणवणाऱ्या एका ॲपच्या वेटिंग लिस्टवर सात आठवडे झाले, आणि पैसे भरले तर लगेच आत घेऊ असं ॲप सांगतंय. भरावेत का? आतली माणसं खरंच वेगळी असतात का? आणि तिसरा प्रश्न, जरा दबक्या आवाजातला: प्रोफाइलमध्ये पद लिहावं की लपवावं? पद वाचलं की पुरुष मागे सरतात असा त्यांचा अनुभव आहे.

मी गेली चौदा वर्षं नातेसंबंधांच्या समुपदेशनाचं काम करते. माझ्याकडे येणाऱ्यांत वकील, सर्जन, कंपन्या उभारणारे, दुसऱ्यांच्या कंपन्या विकत घेणारे असे बरेच असतात. यातली बहुतेक सगळी ॲप्स मी त्यांच्या फोनमध्ये, त्यांच्या शेजारी बसून पाहिलेली आहेत. तेव्हा आधी उत्तर देते, कारणं मागाहून. आत्ता पैसे भरू नका. ही ॲप्स फसवी आहेत असं मी म्हणत नाही. पण तुमची अडचण ज्या ठिकाणी आहे, तिथे त्या ॲपचा दरवानच पोचत नाही.

दरवान काय तपासतो ते पाहा. प्रत्येक ॲपची तऱ्हा वेगळी. द लीगचं उदाहरण घेऊ. अमँडा ब्रॅडफर्ड स्टॅनफर्डमधून एमबीए करून बाहेर पडल्या आणि २०१५च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी ते सुरू केलं. तिथे लिंक्डइन जोडावं लागतं: शिक्षण कुठे झालं, नोकरी कुठे, पद कोणतं. रोज संध्याकाळी पाचला मोजकी तीन-पाच स्थळं समोर येतात. जोडलेल्या खात्यांवरून तुमचे सहकारी आणि ओळखीचे लोक ओळखून त्यांच्यापासून तुम्हाला लपवायची सोय आहे, आणि माझ्या मते त्या ॲपचा सगळ्यात उपयोगी भाग तोच. त्याच वर्षी आलेल्या रायाचा दरवाजा कागदपत्रांवर उघडत नाही, ओळखीवर उघडतो. आधीच्या सदस्याची शिफारस लागते, इन्स्टाग्राम पाहिलं जातं आणि मग समिती ठरवते. लक्झीसारख्या ठिकाणी उत्पन्नाची पडताळणी असते. म्हणजे कुठे कागद, कुठे ओळख, कुठे पैसा. गाळणी जशी, तशी माणसं आत येणार, हे उघड आहे. कागद तपासणाऱ्या ॲपवर कागदावर उत्तम दिसणारी माणसं भेटतात. ती वाईट असतात असं नाही. मी त्यांच्यातलीच कितीतरी लग्नं जमलेली पाहिली आहेत.

पण रांगेबद्दल एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. वेटिंग लिस्टला खरी कारणंही असतात. स्त्री-पुरुषांचं प्रमाण सांभाळायचं असतं, एका शहरात पुरेशी माणसं जमेपर्यंत दार अर्धवट उघडायचं असतं. बाकीचा भाग मात्र निव्वळ दुकानदारी. पैसे भरून जी रांग तोडता येते तिला निवड म्हणू नका, ती तिकीटखिडकी. तुम्हाला सात आठवडे थांबवणारं ॲप एका पेमेंटनंतर सात मिनिटांत आत घेत असेल, तर ते तुमच्यासारख्याच इतरांनाही तसंच घेतंय. मग गाळलं कोणाला?

मालक कोण हेही माहीत असू द्या. द लीग २०२२ साली मॅच ग्रुपने विकत घेतलं. टिंडर, हिंज आणि ओकेक्युपिडही त्यांचीच. त्याच टिंडरने २०२३च्या सप्टेंबरमध्ये महिना ४९९ डॉलरची ‘सिलेक्ट’ योजना आणली आणि ती फक्त सर्वाधिक सक्रिय अशा एक टक्क्याहूनही कमी लोकांना देऊ केली. सर्वाधिक सक्रिय, हे शब्द जरा नीट वाचा. जो माणूस डेटिंग ॲपवर सगळ्यांत जास्त वेळ असतो, त्याला खास माणूस ठरवणारी ही योजना. (माझ्याकडे येणाऱ्या एकाला तिचं आमंत्रण आलं तेव्हा तो खूष झाला होता. मला त्याच्या झोपेची काळजी वाटली.)

आता लहान तळ्याचा हिशेब. हे आकडे मी केवळ समजावण्यासाठी घेतेय. समजा तुमच्या शहरात त्या ॲपचे चार हजार सदस्य आहेत. त्यांतले दोन हजार पुरुष. तुम्ही दिलेल्या वयोगटात बसणारे सहाशे. ज्यांना गंभीर नातं हवंय असं ते स्वतः म्हणतात, ते तीनशे. गेल्या दोन आठवड्यांत ॲप उघडलेले शंभर. त्यांच्या अटींत तुम्ही बसता असे चाळीस, आणि तुम्हाला फोटो पाहून नको न वाटणारे पंधरा. रोज तीन-चार स्थळं दाखवणारं ॲप ते पंधरा पहिल्या महिन्यातच संपवतं. मग काय होतं ते माझ्याकडचे लोक नेहमी सांगतात. तीच तोंडं पुन्हा येऊ लागतात, अंतराची मर्यादा गुपचूप वाढते आणि एके संध्याकाळी समोर येतो तो तुमच्या क्लायंट कंपनीचा वित्तप्रमुख, ज्याच्यासमोर तुम्ही परवाच सादरीकरण केलं होतं. मोठ्या महानगरात हा त्रास कमी. मध्यम शहरात वर्षाचं सबस्क्रिप्शन घेणं म्हणजे पंधरा पानांच्या पुस्तकासाठी वर्षभराची वाचनालयाची वर्गणी भरणं.

‘आमचा अल्गोरिदम जुळवून देतो’ या दाव्यावर फार वेळ घालवत नाही. मानसशास्त्रज्ञ एली फिंकेल आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली उपलब्ध संशोधनाचा मोठा आढावा घेतला. भेटण्याआधी भरलेल्या माहितीवरून जोडी जमेल हे सांगता येतं याला पटेल असा पुरावा त्यांना मिळाला नाही. २०१७ साली समँथा जोएल, पॉल ईस्टविक आणि फिंकेल यांनी स्पीड डेटिंगला (एकामागून एक अनेकांशी काही मिनिटांच्या भेटी) आलेल्या लोकांची शंभराहून अधिक वैशिष्ट्यं मशीन लर्निंगला दिली. कोणाला साधारणपणे जास्त लोक पसंत करतील, कोण स्वतः चटकन पसंती देतं, हे थोडंफार सांगता आलं. हीच बाई याच बुवाला आवडेल का, हे मात्र नाही. पदवी आणि पगार तर त्या शंभरांपेक्षाही कमी माहिती.

आता मूळ अडचणीकडे येते. तुमच्यासारख्या लोकांच्या बाबतीत चांगल्या माणसांचा तुटवडा हे कारण मला क्वचितच सापडलं. सापडतो तो संध्याकाळींचा तुटवडा. नवीन कोणी आलं की पहिल्या भेटीतच मी त्यांना फोनमधलं कॅलेंडर उघडायला लावते. गेले सहा आठवडे मागे जायचं. ज्या संध्याकाळी सातनंतर काहीही नव्हतं, प्रवास नव्हता, लॅपटॉप उघडला नाही आणि दुसऱ्या दिवशी पहाटे विमान नव्हतं, तेवढ्यांवर खूण करायची. एका औषध कंपनीतल्या संचालिकेने बेचाळीसपैकी चार खुणा केल्या. मग त्यांतली एक खोडली, कारण त्या दिवशी ती तापाने घरी होती. उरल्या तीन. त्यांतल्या दोन रविवारच्या. ती बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिली आणि म्हणाली, “म्हणजे मी कोणाला भेटले असते तरी कधी?”

आता अशीच तीन संध्याकाळवाली दोन माणसं एकमेकांना भेटवा. महत्त्वाकांक्षी लोकांचं ॲप नेमकं हेच करतं. एका जोडीच्या चॅटवर मी दोघांच्या संमतीने बसले होते. मॅच झाला सोमवारी. गप्पा सुरेख, दोघंही हजरजबाबी. पहिली भेट ठरली गुरुवारी. त्याची मीटिंग लांबली. पुढच्या मंगळवारी, तिला परदेशी जावं लागलं. “सध्या जरा धावपळ आहे, पुढचा आठवडा नक्की” हे वाक्य त्या चॅटमध्ये तेवीस दिवसांत सहा वेळा आलं, तीन वेळा त्याच्याकडून, तीन वेळा तिच्याकडून. अगदी समसमान! चोविसाव्या दिवशी कोणीच काही लिहिलं नाही. दोघांचंही मत एकच पडलं: समोरच्याला रस नव्हता. रस दोघांनाही होता. भेट ठरवण्याला त्यांच्या दिवसात जे स्थान होतं, ते दंतवैद्याकडच्या वेळेपेक्षा खालचं होतं. दंतवैद्याची वेळ त्यांनी एकदाही बदलली नव्हती, मी विचारलं होतं.

म्हणून गाळणी लावायचीच असेल तर ती तुम्ही लावा, आणि वेळेची लावा. मॅच झाल्यावर चार-पाच संदेशांत पंधरा मिनिटांचा व्हिडिओ कॉल. जमलं तर सात दिवसांच्या आत प्रत्यक्ष भेट, तारीख आणि तास ठरवून. भेट पुढे ढकलताना जो माणूस त्याच वाक्यात दुसरी तारीख देतो तो ठेवा. नुसतं “लवकरच भेटू” म्हणणाऱ्याला नमस्कार करा. ही गाळणी तुम्हाला स्वतःलाही लागू आहे हे गृहीत धरतेय. कोणत्या विद्यापीठाची पदवी आहे हे यातून कळत नाही, पण बुधवारी रात्री तुम्ही आजारी असलात तर कोण फोन उचलेल याचा अंदाज येतो.

दुसरी खोड मुलाखतीची. दिवसभर माणसं निवडणारे लोक डेटवरही निवड समितीच्या खुर्चीत बसतात. पाच वर्षांनी कुठे असाल, शेवटचं नातं का संपलं, पैशांबद्दल तुमचं धोरण काय. एकजण परत येऊन मला म्हणाला, “ती छान होती, पण बिल आल्यावर वाटलं की आता एचआर कळवेल.” तपासायच्या गोष्टी तपासा, माझी हरकत नाही, पण पहिल्याच तासात नको. दुसरी भेट समोरासमोर बसून बोलायची न ठेवता एखादं साधं काम बरोबर करण्याची ठेवा: सामान आणायचं असेल, एखादी वस्तू दुरुस्तीला द्यायची असेल. रांगेत उभं असताना माणूस काउंटरवरच्या पोऱ्याशी कसं बोलतो ते लिंक्डइनवर दिसत नाही.

प्रोफाइलबद्दल थोडं, कारण या ॲप्सवर सगळी प्रोफाइलं एकाच कारखान्यातून निघाल्यासारखी असतात. गेल्या वर्षी एका गृहस्थाच्या प्रोफाइलवर आम्ही तासभर बसलो. पहिला फोटो व्यासपीठावरचा, कानाला माइक, गळ्यात ओळखपत्राची पट्टी. दुसरा मॅरेथॉनचा, पदक दातांत धरलेलं. बायो: “दोन स्टार्टअप, एकोणीस देश, कायम शिकत राहणारा.” मी विचारलं, हे वाचून कोणी तुम्हाला पहिला संदेश काय लिहील? तो विचार करून म्हणाला, “अभिनंदन?” मग दोन्ही फोटो मागे टाकले आणि बायो असा झाला: “रविवारी सकाळी नऊपर्यंत फोन बंद असतो. त्या वेळात मी जुनी घड्याळं उघडतो. निम्मी परत जोडता येतात.” पुढच्या आठवड्यात आलेल्या संदेशांपैकी बरेचसे उरलेल्या निम्म्या घड्याळांचं काय झालं हे विचारणारे होते. पद आणि पदवी ॲप तसंही नावाखाली दाखवतं. बायोत तेच पुन्हा लिहून जागा वाया घालवू नका.

सुरक्षिततेबद्दल मात्र कठोर बोलणार आहे. निवडक ॲपवर लोक गाफील राहतात, आणि पैसेवाली, एकटी, कामात बुडालेली माणसं एका जागी जमलीत हे फसवणाऱ्यांनाही कळतं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहक संरक्षण यंत्रणेकडे २०२२ या एका वर्षात प्रेमाच्या नावाखाली फसवलं गेल्याच्या जवळपास ७० हजार तक्रारी आल्या आणि बुडालेली रक्कम १३० कोटी डॉलर होती. तक्रार न करणारे वेगळेच. हुशार माणसं तर लाजेखातर बोलतच नाहीत. ‘व्हेरिफाइड’ची खूण म्हणजे फार तर फोटोतला चेहरा सेल्फीशी जुळला, किंवा कधीतरी त्या कंपनीचा ईमेल त्याच्याकडे होता. त्याचं लग्न झालंय का, कर्ज किती आहे, नोकरी अजून आहे का, याचं उत्तर त्या खुणेत नाही. व्हिडिओ कॉल टाळणारा, चॅट लगेच दुसऱ्या ॲपवर नेणारा आणि तिसऱ्या आठवड्यात गुंतवणुकीची ‘संधी’ सांगणारा माणूस दिसला, तर वाद घालत बसू नका, ब्लॉक करून तक्रार करा. पैसे मागितले नाहीत, नुसतं “मी कसं करतो ते बघ” म्हणाला, तरीही.

शिवाय पहिलं नाव, पद, कंपनी आणि फोटो एवढ्यावरून कोणालाही तुमचं पूर्ण नाव दोन मिनिटांत सापडतं. तेव्हा कंपनीचं नाव लपवता येत असेल तर लपवा आणि क्षेत्र तेवढं ठेवा. लिंक्डइनवर आहे तोच फोटो इथे वापरू नका. गुप्ततेची हमी कितीही पक्की वाटली तरी ॲशली मॅडिसन ही विवाहितांच्या चोरट्या भेटींची साइट आठवा: गुप्तता हाच जिचा माल होता, तिच्या तीन कोटींहून अधिक खात्यांची माहिती २०१५ साली उघड्यावर आली. आणि एक बारीकसं: फोनवरून ॲप काढून टाकलं म्हणजे सबस्क्रिप्शन रद्द होत नाही. घेतलंत तर त्याच दिवशी सेटिंगमध्ये जाऊन ऑटो-रिन्यूअल बंद करा. भरलेली मुदत संपेपर्यंत साधारणपणे वापरता येतंच.

मग हे पैसे कोणी भरावेत? मी काहींना स्वतःहून सुचवते. एक म्हणजे ज्यांचा चेहरा लोकांच्या ओळखीचा आहे ते. दुसरे, ज्यांना आपले रुग्ण, विद्यार्थी किंवा पक्षकार स्क्रीनवर नको असतात ते. ओळखीच्यांपासून लपण्याच्या सोयीसाठी पैसे मोजणं त्यांना परवडतं. मोठ्या शहरात नव्याने गेलेल्या, ओळखी शून्य असलेल्या माणसालाही एक-दोन महिने चालतं. ‘आपल्यासारख्यात’ जोडीदार शोधणं म्हणजे उच्चभ्रूपणा, असं काही समुपदेशक म्हणतात. मला ते पटत नाही. माणसं शिक्षणाने, कामाने, सवयींनी सारख्या असलेल्यांशीच संसार मांडत आली आहेत, ॲप नव्हतं तेव्हाही. फक्त सारखेपणा म्हणजे सारखं पद नव्हे, एवढं ध्यानात असू द्या. तुमच्या प्रवासाच्या आयुष्यात महिन्याचे वीस दिवस एकाच गावात असणारा, नियमित वेळेला घरी येणारा माणूस जास्त जुळेल असा माझा अंदाज आहे. तो त्या ॲपवर नसेल, तुम्ही कंटाळलेल्या ॲपवर असण्याची शक्यता बरीच.

तुमचा तिसरा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटला. तुमचा अनुभव खोटा नाही. रे फिस्मन, शीना अय्यंगार आणि सहकाऱ्यांनी कोलंबिया विद्यापीठातल्या स्पीड डेटिंगवर केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात पुरुषांना स्त्रीची बुद्धी आणि महत्त्वाकांक्षा आवडत होती, पण ती त्यांच्या स्वतःच्यापेक्षा जास्त वाटेपर्यंतच. स्त्रिया हे ओळखून असतात. २०१७ साली आलेल्या दुसऱ्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या एका नामांकित एमबीए अभ्यासक्रमाच्या नव्या विद्यार्थ्यांना करिअरबद्दलची प्रश्नावली दिली होती. आपली उत्तरं वर्गमित्र पाहणार आहेत असं वाटलं तेव्हा जोडीदार नसलेल्या विद्यार्थिनींनी अपेक्षित पगार सुमारे १८ हजार डॉलरने कमी सांगितला आणि महिन्याला प्रवासाची तयारी सात दिवसांनी घटवली. जोडीदार असलेल्या विद्यार्थिनींनी किंवा पुरुषांनी असं काही केलं नाही.

तरीही माझं उत्तर ‘लपवू नका’ असंच आहे, आणि कारण अगदी व्यवहारी आहे. मागे सरणारा माणूस आज सरला तर तुमचा एक स्वाइप जातो. आठ महिन्यांनी, भागीदारी जाहीर झाल्यावर सरला तर आठ महिने जातात, आणि तुमच्यासारख्यांकडे मोकळ्या संध्याकाळी किती थोड्या असतात ते आपण वर पाहिलंच. पद मिरवायचं नाही, आयुष्य सांगायचं. माझ्याकडे येणाऱ्या एकीने पदाचा उल्लेख बायोतून काढला (नावाखाली ॲप ते दाखवतंच) आणि त्याऐवजी लिहिलं: “महिन्यातले दहा दिवस प्रवासात. उरलेले वीस दिवस फोन न बघता बोलू शकते. उशीर झाला तर कळवते.” लाइक निम्म्याहून कमी झाले, म्हणून ती घाबरून मला फोन करत होती. मी म्हटलं, उरलेल्यांचे पहिले संदेश वाचून दाखव. पहिल्याने विचारलं होतं, प्रवास कुठे असतो. दुसऱ्याने तो स्वतः कोणत्या वारी मोकळा असतो ते लिहिलं होतं. तिने दुसऱ्याला भेटायचं ठरवलं, बुधवारी साडेसातला.